वाचकांचे प्रश्न : सर्वोत्तम डाव, पण कोणाविरुद्ध?

स्पर्धात्मक खेळांचा अभ्यास संगणकातील असंख्य छोट्या खेळाडूंच्या साहाय्याने कसा केला जातो, याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. या छोट्या खेळाडूंना ‘एजंट’ म्हणतात. एजंट म्हणजे संगणकातील असा कर्ता, की ज्याच्याकडे स्वतःपुरती थोडी माहिती असते, निर्णय घेण्याचा एखादा साधा नियम असतो आणि अनुभव पाहून तो नियम बदलण्याची किंवा दुसऱ्याचा उचलण्याची मुभा असते. पुढील उत्तरांमध्ये हा शब्द वारंवार येईल.

प्रश्न : बुद्धिबळाचा पट ठरलेला, मोहरी ठरलेली, नियमही ठरलेले. अशा बंदिस्त खेळाला ‘गुंतागुंतीची, परिस्थितीशी जुळवून घेणारी प्रणाली’ म्हणण्यात काय अर्थ आहे?

आपली शंका पटाविषयी असेल तर ती बरोबरच आहे, कारण पट स्वतः कशाशीही जुळवून घेत नाही. पण हे वर्णन पटाला उद्देशून केलेले नसून खेळणाऱ्यांच्या समुदायाला उद्देशून केलेले आहे. एखादी नवी सुरुवात यशस्वी ठरू लागली की ती अनेक जण उचलतात. ती अनेकांनी उचलली म्हणूनच प्रतिस्पर्धी तिची उत्तरे शोधून ठेवतात. उत्तरे सर्वांना ठाऊक झाली की तिच्यापासून होणारा लाभ आटतो आणि ती मागे पडते. पुढे काही काळाने ती सगळ्यांच्या विस्मरणात गेलेली असते, तयारी करून कोणी बसलेले नसते, आणि नेमक्या त्याच कारणाने ती पुन्हा खेळण्याजोगी होते. या चक्रात खेळाचा एकही नियम बदललेला नाही. बदलले आहे ते प्रत्येकाभोवतीचे वातावरण, आणि ते वातावरण इतर खेळाडूंनीच बनलेले आहे.

अशा प्रणालींची कल्पना मांडणाऱ्यांत जॉन हॉलंड यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते, आणि १९८४ साली स्थापन झालेल्या सांता फे संस्थेने या विषयाला एक घर मिळवून दिले. त्यांच्या विचाराचा गाभा असा, की प्रत्येक घटक आपापल्या मर्यादित अनुभवावरून शिकत असतो, वरून सूत्रे हलवणारे कोणी नसते, आणि तरीही एकूण समुदायात असे आकार उमटतात जे एकट्या घटकाच्या नियमात शोधूनही सापडत नाहीत.

प्रश्न : मी गणित शिकवते. नॅशचा समतोल कागदावर काढता येत असताना हजारो एजंट संगणकात पळवण्याचा खटाटोप कशासाठी?

जॉन नॅश यांनी १९५० साली दाखवून दिले, की मर्यादित खेळाडू आणि मर्यादित पर्याय असलेल्या प्रत्येक खेळात, पर्यायांची यादृच्छिक मिसळ करण्यास परवानगी असेल तर, किमान एक समतोल, म्हणजे एकट्याने आपली खेळी बदलून कोणाचाच फायदा होणार नाही अशी स्थिती, असतेच. हा निष्कर्ष आजही या विषयाचा पाया आहे आणि एजंटांवर आधारलेले कोणतेही प्रारूप (मॉडेल) त्याला खोटे ठरवत नाही. मात्र त्याने एक प्रश्न अनुत्तरित राहतो. समतोल कुठे आहे हे कळले, तरी अपुरी माहिती असलेले, चाचपडत शिकणारे खेळाडू तिथवर पोहोचतात की नाही, आणि पोहोचले तर तिथे टिकतात की नाही, हे कळत नाही.

‘दगड, कागद, कात्री’ हा खेळ घ्या. समतोल सोपा आहे : प्रत्येक पर्याय एक तृतीयांश वेळा खेळावा. आता अशी कल्पना करा, की समुदायातील प्रत्येक जण एकच पर्याय धरून बसला आहे आणि जो पर्याय जास्त जिंकतो त्याचे अनुयायी वाढतात. दगड वाढले की कागदांचे फावते, कागद वाढले की कात्र्यांचे, आणि समुदाय समतोलावर स्थिरावण्याऐवजी त्याच्याभोवती फिरत राहतो. समुदाय लहान असेल तर या हेलकाव्यांत एखादा पर्याय पूर्ण नाहीसा होतो. मग उरलेल्या दोघांतला विजेता कोण, हे सांगायला संगणकही नको.

यात खेळाडू कुठे उभे आहेत याची भर घातली, की चित्र आणखी पालटते. हे केवळ संगणकात घडते असे नाही. बेंजामिन केर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली ई. कोलाय या जीवाणूच्या तीन प्रकारांवर केलेला प्रयोग मला या विषयातील सर्वांत सुंदर पुराव्यांपैकी एक वाटतो. पहिला प्रकार विष तयार करतो, दुसरा त्या विषाला बळी पडतो, तिसरा विषाला दाद देत नाही. विषारी प्रकार संवेदनशील प्रकाराला मारतो. संवेदनशील प्रकार प्रतिकारक्षम प्रकारापेक्षा जोमाने वाढतो, कारण प्रतिकाराची किंमत त्याला मोजावी लागत नाही. प्रतिकारक्षम प्रकार विषारी प्रकाराला मागे टाकतो, कारण विष बनवण्याचा भार त्याच्यावर नसतो. म्हणजे हा थेट ‘दगड, कागद, कात्री’चाच खेळ झाला. हे तिन्ही प्रकार द्रवात ढवळून ठेवले तेव्हा संवेदनशील प्रकार आधी संपला, मग विषारी प्रकार मागे पडला आणि केवळ प्रतिकारक्षम उरला. तेच तिघे पसरट बशीत, प्रत्येकाचा संबंध फक्त शेजाऱ्यांशी येईल अशा रीतीने वाढवले, तेव्हा तिघेही टिकले आणि त्यांच्या वसाहतींचे पट्टे एकमेकांचा पाठलाग करत सरकत राहिले. एजंटांच्या प्रारूपानेही हाच फरक दाखवला होता. सर्व जण सर्वांना सारख्याच प्रमाणात भेटतात असे गृहीत धरणाऱ्या समीकरणांत शेजार नावाची गोष्टच नसते, म्हणून हा फरक त्यांतून दिसत नाही. शेजार समीकरणांत बसवता येतो, पण तसे करताच ती कागदावर सुटण्यापलीकडे जातात, आणि तिथे एजंटांची गरज खऱ्या अर्थाने सुरू होते.

प्रश्न : ‘जशास तसे’ हे सर्वोत्तम धोरण असल्याचे संगणकाने सिद्ध केले आहे, असे अनेकदा वाचनात येते. हे खरे आहे का?

‘सिद्ध केले’ हे शब्द येथे चुकीचे आहेत, आणि ते का चुकीचे आहेत हे सविस्तर पाहणे आवश्यक आहे, कारण एजंटांच्या प्रारूपांकडून जे खरोखर शिकायचे ते याच उदाहरणात आहे.

खेळ असा. दोन खेळाडू प्रत्येक फेरीत सहकार्य करतात किंवा दगा देतात. दोघांनी सहकार्य केले तर प्रत्येकी ३ गुण, दोघांनी दगा दिला तर प्रत्येकी १, आणि एकाने दगा दिला तर त्याला ५ व दुसऱ्याला शून्य. याला ‘कैद्यांचा पेच’ म्हणतात. रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी हा खेळ पुनःपुन्हा खेळणाऱ्या संगणकीय धोरणांची स्पर्धा भरवली आणि १९८० साली तिचे निकाल प्रसिद्ध केले. पहिल्या स्पर्धेत १४ प्रवेशिका होत्या व प्रत्येक सामना २०० फेऱ्यांचा होता. अनातोल रॅपोपोर्ट यांनी पाठवलेले ‘जशास तसे’ हे धोरण, म्हणजे पहिल्या फेरीत सहकार्य आणि नंतर समोरच्याची मागील चाल परत करणे, पहिले आले. हा निकाल जाहीर झाल्यानंतर घेतलेल्या दुसऱ्या स्पर्धेत ६२ प्रवेशिका आल्या आणि तीतही तेच जिंकले.

आता थोडा हिशेब मांडू. हे धोरण कोणत्याही एका सामन्यात प्रतिस्पर्ध्यापेक्षा जास्त गुण मिळवूच शकत नाही, कारण ते स्वतःहून दगा देत नाही. नेहमी दगा देणाऱ्याशी २०० फेऱ्या खेळताना त्याला १९९ गुण मिळतात आणि दगाबाजाला २०४. दोन दगाबाज भेटले तर प्रत्येकी २००, आणि दोन ‘जशास तसे’ भेटले तर प्रत्येकी ६००. शंभर जणांचा समुदाय घ्या, ज्यात प्रत्येक जण इतर प्रत्येकाशी एकदा खेळतो. त्यात ९९ दगाबाज आणि एकच ‘जशास तसे’ असेल, तर त्या एकाला १९,७०१ गुण मिळतात आणि प्रत्येक दगाबाजाला १९,८०४. तो एकटा हरतो. पण ‘जशास तसे’ खेळणारे दोन असतील, तर त्यांना प्रत्येकी २०,१०२ गुण पडतात आणि दगाबाजांना १९,८०८. एकट्याचा नाश आणि दोघांची भरभराट यांच्यामध्ये फक्त एका जोडीदाराचे अंतर आहे. धोरणाचा नियम दोन्ही वेळा अक्षरशः तोच आहे.

म्हणजेच ‘चांगले धोरण’ हा त्या धोरणाचा अंगभूत गुण नाही, तो ते धोरण आणि सभोवतालचा समुदाय यांच्यातील संबंध आहे. याला ॲक्सेलरॉड यांच्या स्पर्धांतच ठसठशीत पुरावा आहे. समोरच्याने लागोपाठ दोनदा दगा दिला तरच उलट दगा देणारे अधिक सोशिक धोरण पहिल्या स्पर्धेत उतरले असते तर तेच जिंकले असते, असे त्यांना नंतरच्या विश्लेषणात आढळले. ते समजल्यावर हे धोरण दुसऱ्या स्पर्धेत जॉन मेनार्ड स्मिथ यांनी उतरवले आणि ते चोविसावे आले. मधल्या काळात समुदाय बदलला होता. सोशिकपणाचा गैरफायदा घेणारी धोरणे आता तिथे हजर होती.

चुकांना वाव दिला की आणखी एक बाजू उघडी पडते. दोन ‘जशास तसे’ खेळणाऱ्यांपैकी एकाच्या हातून चुकून दगा घडला, तर एक फेरी याचा दगा, पुढची फेरी त्याचा, असे उट्टे काढणे पुढची चूक होईपर्यंत थांबतच नाही आणि ३ गुणांची सरासरी अडीचवर येते. मार्टिन नोवाक आणि कार्ल सिगमंड यांनी १९९३ साली पुढे आणलेले ‘जिंकलास तर तेच कर, हरलास तर बदल’ हे धोरण यातून सहज सावरते. चूक झालेल्या फेरीत एकाला ५ व दुसऱ्याला शून्य मिळते. शून्यवाला आपली चाल बदलतो, त्यामुळे पुढच्या फेरीत दोघेही दगा देतात. दोघांनाही १ गुण मिळाल्याने दोघेही बदलतात आणि सहकार्य पूर्ववत होते. मात्र हेच शहाणे धोरण सतत दगा देणाऱ्यापुढे दर दुसऱ्या फेरीला शून्य घेऊन परतते. त्यालाही योग्य सोबत लागतेच.

२००४ साली घेतलेल्या अशाच एका स्पर्धेत साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या गटाने ६० धोरणे पाठवली. ती सुरुवातीच्या काही चालींवरून एकमेकांना ओळखत आणि ओळख पटली की काही जण ठरवून बळी जात, म्हणजे इतरांना गुण मिळावेत. वरचे तीन क्रमांक या गटाने घेतले आणि तळालाही त्याचीच अनेक धोरणे होती. याला कोणी लबाडी म्हणेल. मला ते त्या स्पर्धेचे एक गंभीर फलित वाटते, कारण समुदायाच्या रचनेवर ताबा मिळवणे हीसुद्धा एक खेळी असते, हे त्याने निर्विवादपणे दाखवले.

प्रश्न : सगळे एजंट सारखेच हुशार केले तर स्पर्धा संपून उत्तर स्थिर होणार नाही का?

नाही, आणि ब्रायन आर्थर यांनी १९९४ साली मांडलेला एक छोटा खेळ याचे कारण नेमके दाखवतो. शंभर जण दर आठवड्याला एका ठिकाणी जायचे की नाही हे ठरवतात. साठांपेक्षा कमी आले तर मजा येते, अधिक आले तर गर्दीमुळे घरी बसलेले बरे. आता गर्दीचे भाकीत करण्याची एकच निर्दोष रीत सर्वांना दिली, तर ती स्वतःलाच खोटी पाडते : गर्दी होणार नाही असे भाकीत असेल तर सगळे येतात, गर्दी होईल असे असेल तर कोणीच येत नाही. येथे एकमत हेच अपयशाचे कारण ठरते. आर्थर यांनी प्रत्येक एजंटाला भाकिताच्या निरनिराळ्या ओबडधोबड रीती दिल्या आणि त्या वेळी जी रीत बरी चालत असेल ती वापरू दिली. उपस्थितीची सरासरी साठाच्या आसपास आली, पण कोण येतो आणि कोणती रीत चालते हे सतत बदलत राहिले. स्थैर्य एकूण संख्येत होते, व्यक्तींत नव्हते.

प्रश्न : मी छंद म्हणून प्रोग्रॅमिंग करतो. चौकटींच्या जाळ्यावरचा ‘कैद्यांचा पेच’ मी लिहिला, पण प्रसिद्ध चित्रांत दिसणारी नक्षी येत नाही. काही वेळाने सगळे दगाबाज होतात. चूक कुठे असावी?

बहुधा चूक नसावी. आपण एजंटांना एकाच वेळी बदलता की एकामागून एक, हे पाहा.

आपण ज्या नक्षीचा उल्लेख करता ती मार्टिन नोवाक आणि रॉबर्ट मे यांच्या १९९२ सालच्या कामातील असावी. त्यात प्रत्येक चौकटीतील एजंट शेजाऱ्यांशी खेळतो आणि मग स्वतःसह त्या शेजारात ज्याला सर्वाधिक गुण मिळाले त्याची चाल उचलतो. दग्याचा मोबदला सहकार्याच्या सुमारे १.८ ते २ पट असताना गालिच्यासारखी सतत बदलणारी नक्षी उमटते आणि सहकार्य करणाऱ्यांचे प्रमाण ०.३१८ च्या जवळपास राहते. पुढच्याच वर्षी बर्नार्डो ह्यूबरमन आणि नॅटली ग्लान्स यांनी दाखवले, की एजंटांनी एकाच ठोक्याला बदलण्याऐवजी आगेमागे बदलायला सुरुवात केली, तर त्याच आकड्यांवर सहकार्य नाहीसे होते. नोवाक, मे आणि सेबास्टियन बोनहोफर यांनी १९९४ साली उत्तर दिले, की दग्याचा मोबदला वेगळा धरला तर आगेमागे बदलणाऱ्या समुदायातही दोन्ही प्रकार एकत्र नांदतात.

दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे होते, आणि या वादाने या क्षेत्राला फार मोलाची शिस्त लावली. ‘सर्वांनी एकदम बदलावे’ ही ओळ प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला सोय म्हणून सुचलेली असते, पण प्रारूपात ती जगाविषयीचे विधान होऊन बसते. आपण दोन्ही पद्धती लिहून पाहाव्यात आणि मोबदल्याचा आकडा हळूहळू बदलत प्रत्येक ठिकाणी सहकार्याचे प्रमाण नोंदवावे. अशा नोंदींचा आलेख त्या सुंदर नक्षीपेक्षा अधिक काही सांगतो.

प्रश्न : स्वतःशीच खेळून शिकणारी कृत्रिम बुद्धिमत्ता माणसाला हरवते. मग समुदायाची ही सारी चर्चा तिथे लागू होत नाही, असे म्हणावे का?

उलट ती तिथे फारच लागू होते. स्टारक्राफ्ट या संगणकीय युद्धखेळासाठी डीपमाइंड कंपनीने २०१९ साली पुढे आणलेला अल्फास्टार हा प्रोग्रॅम नुसता स्वतःशी खेळून तयार झालेला नव्हता. अशा खेळात केवळ आपल्या ताज्या आवृत्तीशी खेळत राहिले, तर एजंट नवे डावपेच शिकताना जुन्यांना तोंड देणे विसरतो आणि त्याच वर्तुळात फिरत राहतो. म्हणून त्यांनी एजंटांची एक साखळी स्पर्धाच उभी केली. तीत जुन्या आवृत्त्या गोठवून जपलेल्या होत्या आणि मुख्य एजंटाच्या उणिवा हुडकणे एवढ्याच कामासाठी घडवलेले खास एजंटही होते. हे खास एजंट सर्वांना हरवण्यासाठी नव्हतेच, त्यांच्यामुळे मुख्य एजंट कणखर झाला.

गो या खेळात याची दुसरी बाजू दिसली. कॅटागो हा प्रोग्रॅम अव्वल माणसांपेक्षाही सरस खेळतो. संशोधकांनी केवळ त्याच्याविरुद्ध शिकवलेला एक एजंट तयार केला. तो कॅटागोला बहुतांश सामन्यांत हरवू लागला, पण हाच एजंट हौशी माणसांकडून हरतो. बलाढ्य प्रोग्रॅम माणसाला हरवतो, खास एजंट त्या प्रोग्रॅमला हरवतो आणि हौशी माणूस त्या खास एजंटाला हरवतो. एका रांगेत लावलेली क्रमवारी अशा ठिकाणी दिशाभूल करते. कोण कोणाविरुद्ध किती जिंकतो याचा पूर्ण तक्ताच मांडावा लागतो.

प्रश्न : अशा प्रारूपावरून पुढच्या सामन्यात कोण जिंकेल हे सांगता येईल का? आणि नवशिक्याने सुरुवात कशी करावी?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. एका सामन्याच्या अंदाजासाठी संख्याशास्त्राची सरळ साधने अधिक उपयोगी पडतात. एजंटांचे प्रारूप कोणते डावपेच एकत्र टिकू शकतात, नियम बदलल्यास समुदाय कोणत्या दिशेने झुकेल, आणि एखादा निष्कर्ष कोणत्या गृहीतकावर उभा आहे, असे प्रश्न हाताळते.

सुरुवातीसाठी युरी विलेन्स्की यांनी १९९९ मध्ये तयार केलेले नेटलोगो हे विनामूल्य साधन उत्तम आहे. त्याच्यासोबत येणाऱ्या नमुन्यांत ‘कैद्यांचा पेच’ही आहे. पायथॉन ही प्रोग्रॅमिंग भाषा येत असेल तर तिच्यातील मेसा हे साधन वापरता येईल, आणि पायथॉनमध्येच ‘ॲक्सेलरॉड’ नावाचा दोनशेहून अधिक धोरणांचा तयार संग्रह उपलब्ध आहे. साधन कोणतेही असो, एकदा चालवून आलेल्या निकालावर विश्वास ठेवू नका. यादृच्छिक आकड्यांचे बीज, म्हणजे ते आकडे ज्या संख्येपासून तयार होतात ती सुरुवातीची संख्या, बदलून तोच प्रयोग अनेकदा चालवा आणि निकालांचा पसारा पाहा. प्रारूपाचे वर्णन दुसऱ्याला ते पुन्हा उभारता येईल इतके तपशीलवार लिहून ठेवा. फोल्कर ग्रिम आणि सहकाऱ्यांनी २००६ साली यासाठी सुचवलेला ‘ओडीडी’ हा आराखडा आज सर्रास वापरला जातो, आणि एजंट कोणत्या क्रमाने कृती करतात हे त्यात स्पष्ट लिहावेच लागते.

पहिला प्रयोग म्हणून वर मांडलेला शंभर जणांचा समुदाय घ्यावा. त्याचे गुण आपण हाताने काढले असल्याने आपला प्रोग्रॅम बरोबर चालतो की नाही हे लगेच ताडून पाहता येईल. आकडे जुळले की प्रत्येक चालीत शंभरात एक चूक होऊ द्या आणि दगाबाजांचे पारडे किती जड होते ते नोंदवा. त्यानंतर एजंटांना जाळ्यावर बसवून फक्त शेजाऱ्यांशी खेळू द्या. दोन्ही बदल मात्र एकदम करू नका, नाहीतर फरक कशामुळे पडला हे सांगता येणार नाही.